ढिगाऱ्यातलं खरकटं

सानगडीच्या बाजारातून बाबुलाल कवठं घेऊन निघाला, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सायकलच्या हँडलला पिशवी अडकवलेली, आणि पिकल्या कवठांचा आंबटगोड वास वाटभर त्याच्या नाकाशी. माघाचे दिवस. धान कधीच घरात आलेलं, बांध्या उघड्या पडलेल्या, लाखोळीच्या वेलांवर तेवढी हिरवळ.

कवठं सुनेसाठी होती. खुशबूला दिवस होते आणि तिच्या पोटात अन्न टिकत नव्हतं. भात दिला तर भात, पेज दिली तर पेज, नुसतं पाणी दिलं तर पाणीही उलटून पडायचं. पहिल्या वेळचं मूल असंच वाळून पोटातच गेलं होतं. पोरगा अश्वजित नागपूरला कंपनीत, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे निघून जायचा. जाताना आईबापाकडं नुसता बघायचा. गावची आशा सेविका रुखमा वजनकाटा घेऊन आली, काट्यावरचा आकडा बघितला आणि म्हणाली, "काका, पोरीच्या अंगाले काहीच लागून नाही राहिलं. असंच चाललं तं हे बी..." न बोललेलं ते बाबुलालनं पुरतं ऐकलं होतं.

गावाच्या अलीकडं, तलावाच्या पाळीला लागून मुरमाड पडीक जागा आहे. तिथं गोट्यांचा एक मोठा ढिगारा, आणि त्याच्या भोवती कमरेएवढ्या शिळांचं रिंगण. गुराखी तिथं टेकत नसत, इतकंच. का टेकत नाहीत, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. यंदाच्या हिवाळ्यात एका विद्यापीठाची माणसं तो ढिगारा उकरायला आली होती. गावातल्या चार लोकांना काम मिळालं. बाबुलालही दगड उचलायला जायचा. तुळसा, त्याची बायको, आणि आणखी दोघीतिघी बाया निघालेली खापरं धुवायच्या. धुण्याची जागा बाबुलालचंच अंगण, कारण त्याच्या विहिरीला पाणी बारमाही.

खोदकामाच्या मोठ्या बाई म्हणजे हर्षा मॅडम. वयानं लहान, बोलायला गोड. त्यांनी बाबुलालला सायकलवरून जाताना बघितलं आणि हाक मारली.

"काका, या ना. आज झाकणाची शिळा निघाली."

बाबुलालनं सायकल बाभळीला टेकवली आणि खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. खाली उभ्या शिळांची एक खोली होती, जमिनीत पुरलेल्या पेटीसारखी. आत हाडं होती, कोपऱ्यात रचल्यासारखी, मातीच्याच रंगाची. मॅडमनी कुंचल्यानं एक जबडा साफ केला होता.

"दात बघा. हा काही म्हातारा माणूस नव्हता हं. पण तेव्हा दगडावर दळायचे, धान्यात रेती राहायची. ती चावून चावून दात असे सपाट व्हायचे."

बाबुलालनं बघितलं. दात वरून घासून काढल्यासारखे, पिवळट, आणि प्रत्येकाच्या मधोमध तपकिरी ठिपका. त्याच्या स्वतःच्या तोंडात रेती आल्यासारखं झालं. तो बाजूला थुंकला.

"आन हे भोक कशाले?"

समोरच्या शिळेत हात जाईल एवढं गोल भोक होतं.

"नक्की कुणालाच माहीत नाही. काही जाणकार म्हणतात, माणूस आत ठेवल्यावर मागाहून अन्नपाणी द्यायला असेल."

"मेलेल्याले?"

"हं. कड बघा कशी गुळगुळीत झालीय. किती वर्षं कोण हात घालत होतं, देव जाणे."

त्या भोकाच्या आतल्या अंगाला एक मडकं सापडलं होतं. बाहेरून तांबडं, आतून काळं, अख्खं. त्याच्या तोंडावर वाडगं पालथं घालून कडेनं माती लिंपलेली. मॅडमनी वाडगं काढलं होतं. आत माती शिरलीच नव्हती. तळाशी काळं, चिकट, घट्ट असं काहीतरी बसलं होतं. बाबुलाल वाकला आणि लगेच मागं झाला. वास कुजल्याचा नव्हता. कुजल्याचा वास माणसाला ठाऊक असतो. हा वास खवट तुपाचा होता, ओल्या केसांचा होता, आणि त्याच्याखाली कुठंतरी दुधाचाही.

"हे मडकं आज तुमच्या ओसरीवर ठेवा," मॅडम म्हणाल्या. "पण धुवायचं नाही हं, काका. मावशींना सांगा. आतलं तपासायला पाठवायचंय."

"हो जी."

बाबुलालनं मडकं टोपलीत ठेवून, वरून फडकं टाकून घरी नेलं. सायकल हातानं ढकलत नेली. कवठांचा वास वाटेत कुठं गेला ते त्याला कळलं नाही.

अंगणात पाय ठेवतो तर आतून खुशबूच्या ओकाऱ्या ऐकू आल्या. त्यानं टोपली ओसरीवर ठेवली आणि तसाच आत धावला. पोरीचं कपाळ धरलं, पाठीवर हात फिरवला, कवठ फोडून गूळ कालवून बोटभर तिच्या जिभेवर ठेवलं. तेही आलं. ती भिंतीला टेकून म्हणाली, "मामाजी, राहू द्या. तुमी तरी किती वेळा पुसान?" या सगळ्यात मडक्याचं सांगायचं राहून गेलं.

तुळसा विहिरीवरून आली आणि तिला ओसरीवर ते मडकं दिसलं. ती बाई स्वच्छ. तिच्या घरात जेवण झालं की भांडं ओलं असतानाच घासलं जायचं. खापरं धुताना तिला मातीची किळस नव्हती, माती ती मातीच. पण मडक्याच्या तळाशी चिकटलेलं तिनं बघितलं, वास घेतला, आणि तिच्यासाठी ते मडकं ढिगाऱ्यातलं राहिलंच नाही. ते उष्टं भांडं झालं. कुणीतरी खाऊन तसंच टाकून दिलेलं. तिनं ते आत मोरीवर नेलं, राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला, आणि बसली घासायला. चिकटलेलं निघेना तर नखांनी खरवडलं. गरम पाणी ओतलं, खळबळलं, आणि ते धोवण मोरीत सोडून दिलं.

मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून बाहेर जायचं. बाहेर त्या भोकाच्या तोंडाशीच कोहळ्याचा वेल होता, लाल भोपळ्याचा. तांदळाचं धोवण, भांड्याचं खरकटं, सगळं वर्षानुवर्षं त्या वेलाच्या बुडाशी. आमच्या झाडीपट्टीतल्या कुठल्याही घरी जा, धोवण कुणी वाया घालवत नाही.

संध्याकाळी हर्षा मॅडम आल्या. मडकं लखलखत होतं. त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि आतून बोट फिरवलं.

"मावशी... यात काय होतं, ते आता कधीच कळणार नाही."

"बाई, खरकटं होतं, दुसरं काय?" तुळसा म्हणाली. "आन खरकटं भांडं घरात ठेवू नये. रातच्याला खरकट्याले..."

"खरकट्याला काय?"

"काही नाही. आमी बुद्धाचे लोक, आमी नाही मानत. पण ठेवू नये."

मॅडम रडवेल्या होऊन हसल्या. बाबुलालनं मान खाली घातली. चूक त्याची होती, आणि तो ते बोलला. मॅडम म्हणाल्या, "जाऊ द्या काका. घरी आजारी माणूस आहे."

त्या दिवसापासून तुळसाच्या हाताचा वास जाईना. तिनं साबण लावला, लिंबू चोळलं, मातीत हात घासले. नखांच्या कडेला काळी रेघ तशीच. भात कालवायला बसली की हात तोंडाशी येईपर्यंत तिला मळमळायचं. शेवटी ती चमच्यानं जेवायला लागली.

"काय व, मॅडमीण झाली का?" शेजारीण म्हणाली.

"झाली," तुळसा म्हणाली, आणि हात पदराखाली घेतला.

कोहळ्याचा तो वेल संक्रांतीलाच सुकला होता. दोरीसारखा झाला होता, उपटायचा तेवढा बाकी होता. तो हिरवा व्हायला लागला. आधी बुडाशी, मग वर. पानं आली ती जाड, मांसल, लव असलेली. हात लागला तर हाताला ओशट लागायची. एकच फूल आलं, पांढरट, आणि त्यावर माशी बसली नाही. एकच फळ धरलं. होळी येईतो ते पाण्याच्या पितळी गुंडाएवढं झालं. रंग ना हिरवा ना पिवळा, माणसाच्या तळपायासारखा. बाबुलाल त्याच्या बाजूनं जाताना श्वास धरून जायचा. ऊन चढलं की तोच वास. खवट तूप, ओले केस, दूध.

"उपटून टाकतो," तो एकदा म्हणाला.

दारात खुशबू उभी होती. गालाची हाडं वर आलेली, डोळे खोल. ती त्या फळाकडं बघत होती, आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं बाबुलालला दिसलं. ओठाच्या कोपऱ्यातून एक धार हनुवटीवर आली, ती तिनं मनगटानं पुसली.

"मामाजी," ती लाजून म्हणाली, "मले ते खावंसं वाटून राहिलं."

पोरीला कितीतरी दिवसांनी काही खावंसं वाटत होतं. बाबुलालनं फळ देठापासून तोडून आत आणलं.

आता, आमच्याकडं एक रीत आहे. अख्खं कोहळं बाई कापत नाही. पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग बाईनं हवं तसं चिरावं. कोहळं म्हणजे घरातला थोरला लेक, आणि आईनं लेकाच्या अंगाला लोखंड लावू नये, असं जुन्या बाया म्हणतात. धर्म बदलला, देव्हारा गेला, पण ही एवढी गोष्ट तुळसाच्या हातातून सुटली नव्हती. तिनं फळ पाटावर ठेवलं, सुरी नवऱ्याच्या हाती दिली आणि तोंड फिरवलं.

बाबुलालनं सुरी लावली. कोहळ्याची साल कठीण असते, जोर लावावा लागतो. इथं लावावा लागला नाही. पिकलेल्या गळवात जावी तशी सुरी आत गेली, आणि कडेनं घट्ट तपकिरी पाणी आलं. ते त्याच्या बोटांवर आलं. ते कोमट होतं.

दोन फाका झाल्या. आतला गर पिवळा नव्हता. फिका गुलाबी होता, लहान मुलाच्या हिरडीसारखा. मधल्या दोऱ्या बारीक, काळसर, ओल्या. आणि बिया... कोहळ्याच्या बिया नखांसारख्या असतातच. पण या बिया तान्ह्या बाळाच्या नखांएवढ्या होत्या, तितक्याच पातळ. बाबुलाल उठला आणि अंगणात जाऊन सकाळचं सगळं ओकला.

परत आला तर भाजी शिजायचीही वाट खुशबूनं पाहिली नव्हती. ती पाटाशी बसून कच्ची फाक खात होती. दोन्ही हातांनी. हनुवटीवरून ते पाणी गळत होतं आणि ती ते बोटानं परत तोंडात घालत होती. तुळसा पदर तोंडाला लावून उभी.

दोघं नवराबायको संध्याकाळपर्यंत उलटीची वाट बघत बसले. उलटी झाली नाही. खुशबू झोपली. झोपेत तिच्या गालावर रंग होता.

दुसऱ्या दिवशी बाबुलाल अड्याळच्या बाजारात गेला आणि चांगलं पिवळंधमक कोहळं घेऊन आला. तेच आहे असं सांगून तिला वाढलं. पहिल्याच घासाला तिनं भडभडून ओकून टाकलं आणि म्हणाली, "हे ते नाही, मामाजी. मले काहून फसवता?"

तेव्हा तो पडवीत गेला, झाकून ठेवलेली उरलेली फाक घ्यायला. काल जिथं कापली होती तिथं पातळ, चकचकीत कातडी आली होती. भाजलेल्या जखमेवर येते तशी. आणि फाक कालच्यापेक्षा फुगली होती.

त्याला रोज सकाळी ती कातडी पुन्हा कापावी लागायची. तुळसा हात लावत नव्हती, खुशबूला पोटामुळं खाली बसवत नव्हतं. बाबुलाल नाकाला दुपट्टा बांधायचा, डोळे अर्धे मिटायचा, आणि कापायचा. सुरी लागली की फाक किंचित आकसायची. तो मनाशी म्हणायचा, भास आहे. मग बशी सुनेपुढं ठेवायचा आणि म्हणायचा, "खाय माय, खाय." पोरीच्या अंगावर मांस चढत होतं. रुखमाताई काट्यावर बघून म्हणाली, "काका, कोणतं टॉनिक देऊन राहिले जी?" बाबुलालनं तिला चहा दिला. त्याला स्वतःला मात्र चहाही गोड लागेना. जे खाईल ते त्याला त्याच वासाचं लागायचं.

ते एक फळ आषाढापर्यंत पुरलं.

खोदकाम पाऊस लागायच्या आधीच आटोपलं होतं. हाडं, मडकी, लोखंडी पाती, सगळं खोक्यांत भरून मॅडम घेऊन गेल्या. जाताना खुशबूच्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "सगळं छान होईल." आणि झालंही. नातू झाला. गुबगुबीत, काळेभोर केस, मोठ्यांदा रडणारा. अश्वजितनं गावभर पेढे वाटले. बाबुलालनं नातवाला हातात घेतलं आणि त्याच्या डोक्याचा वास घेतला. तान्ह्या पोराचा असतो तसाच, दुधाचा. ओल्या केसांचा. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यानं वास पुन्हा घेतला नाही.

बाळ दहाबारा दिवसांचं झाल्यावर एका सकाळी त्यानं वेल उपटला. उरलेली फाक बुडाशी पुरून टाकावी म्हणून खणलं, तर मुळं निघाली. मुळं कशीही पसरतात. ही पसरली नव्हती. एकमेकांत गुंफून त्यांनी गोल घेतला होता, खाली रुंद, वर मान अरुंद, आणि मानेशी सपाट कापल्यासारखी. ज्याच्या आत वाढलीत ते मडकं कुणी अलगद फोडून नेलं असावं, तशी. माती तर सगळीकडं मोकळी होती. बाबुलालनं मुळं आणि फाक दोन्ही तलावाच्या पाळीवर नेऊन जाळली. ओली होती, जळायला दिवस गेला. मग घरी येऊन मोरीचं भोक त्यानं वीट आणि माती घालून बुजवलं. सांडपाण्याला दुसरीकडून वाट करून दिली.

त्याच संध्याकाळी बाळानं दूध सोडलं.

आईनं जवळ घेतलं की तोंड फिरवायचं. वाटी-चमच्यानं दिलं तर गालातून बाहेर. रडायचंही नाही, नुसतं भिंतीकडं बघत पडून राहायचं. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पोर ठणठणीत आहे, पाजत राहा. पण पोर वाळायला लागलं. खुशबू त्याला मांडीवर घेऊन बसून राहायची. तिचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा दिसायला लागला.

तुळसा चुलीशी बसून हळू आवाजात म्हणाली, "तुमाले एक सांगू? हासान नका."

"सांग."

"भोक बुजवाच्या आधी... मी मोरीत खरकटं टाको ना, का तिकडं पाळण्यात पोरगं ढेकर दे. दर वेळी. मले वाटे, योगायोग असन."

बाबुलाल हसला नाही. तो मोरीपाशी जाऊन बसला. विटेला हात लावला. ढिगाऱ्यातली शिळा त्याला आठवली, तिच्या भोकाची गुळगुळीत कड. कोण असेल ते माणूस, रोज येऊन हात आत घालणारं? त्याला पहिल्यांदाच वाटलं, की तोही कुणाचा तरी आजा असेल.

त्यानं वीट काढली. तुळसा खरकटं घेऊन आली तर त्यानं तिला थांबवलं.

"उष्टं नको. ताजा भात आण. मऊ कर."

त्यानं भाताचा गोळा भोकात ठेवला, हात कोपरापर्यंत आत घातला आणि पलीकडं सोडला. भोकातून तो वास आला. त्यानं तोंड घट्ट मिटून धरलं. पलीकडं कसलाच आवाज नव्हता. मग मागच्या खोलीतून बाळाचा ढेकर ऐकू आला. आणि लगेच खुशबूचा आवाज, "आत्याबाई! पिऊन राहिलं! पिऊन राहिलं बाई!"

भिंतीच्या बाहेर जाऊन त्यानं बघितलं. जमीन कोरडी होती. भाताचं शितही नव्हतं, मुंगी नव्हती.

तेव्हापासून घरात कुणी जेवायला बसायच्या आधी बाबुलाल मोरीवर जातो. खुशबूला वाटतं, म्हातारा हात धुतो.

पौष सरता सरता बाळाला पहिला दात आला. खुशबू त्याला कडेवर घेऊन धावतच अंगणात आली. "मामाजी, बघा ना, खालून फुटला!" बाबुलालनं चष्मा लावला. बाळ त्याच्याकडं बघून हसलं. त्यानं बोट पुढं केलं आणि बाळानं ते तोंडात धरलं.

नव्या दाताची धार बोटाला लागते. त्यानं अश्वजितचा पहिला दात असाच बोटानं पाहिला होता.

हा सपाट होता. त्यानं बाळाची हनुवटी उजेडाकडं वळवली. गुलाबी हिरडीतून वर आलेला तो एवढासा दात पिवळट होता, वरून घासून काढल्यासारखा, आणि मधोमध तपकिरी ठिपका.

"छान हाय ना?" खुशबू म्हणाली.

"छान हाय," बाबुलाल म्हणाला.

बोट त्यानं काढून घेतलं नाही. बाळ ते हळूहळू चावत राहिलं, आणि चावताना बारीक आवाज येत होता, रेतीचा.